जड आधी घसरतं

गोदामात तिला सगळ्या थोरली म्हणत. वयानं ती थोरली होतीच, आणि घसरणीवर तिच्याइतकी जुनी दुसरी कुणी उरलीही नव्हती. घसरण म्हणजे वरच्या मजल्यावरून खाली उतरणारी पत्र्याची लांब, तिरपी वाट. वरच्या बायांनी खोकी सोडायची, खालच्यांनी झेलायची, आणि झेलता झेलता जन्म काढायचा.

आता तिथं विजेवर चालणारा पट्टा येणार होता. मुकादमानं सगळ्यांना भिंतीशी उभं करून सांगितलं होतं की परीक्षा पास होतील त्याच पट्ट्यावर राहतील, बाकीच्यांनी आपापलं बघावं. परीक्षेत थोडी वीज होती आणि बाकी सगळी तिरप्या फळीवरच्या घर्षणाची उदाहरणं. साहेबलोकांना वाटलं असेल, उतारावर जन्म गेलेल्या बाया, त्यांना ते तरी जमेल. थोरली पहिल्या खेपेला नापास झाली. आता एकच खेप उरली होती. घरात मिळवतं माणूस ती एकटी, आणि लेकीच्या शाळेची अजून शेवटची, अवघड वर्षं बाकी.

म्हणून लेकच मास्तरीण झाली. सुट्टीच्या दिवशी दुपारी भांडी आवरली की स्वयंपाकघराच्या फरशीवर दोघी बसत. लेकीच्या हातात पेन्सिल, आईच्या कपाळावर आठ्या.

"बाण काढ," लेक म्हणे. "वजन सरळ खाली. फळीचा रेटा फळीला काटकोनात. आणि घर्षण?"

"मागं ओढणारं."

"मागं म्हणजे कुठं? ठोकळ्याला तोंड असतं का, आई?"

"तुला आहे तेवढं पुरे आहे की घराला."

"घसरू बघतोय त्याच्या उलट. लिही. आणि रेघ सरळ काढ, कोंबडीनं उकरल्यासारखी नको."

लेक कौतुक करत नसे. बरोबर आलं तर पुढचं उदाहरण, चुकलं तर टोमणा. थोरलीला ते बरं वाटायचं. घसरणीवरही असंच असतं, नीट झेललं म्हणून कुणी पाठ थोपटत नाही.

हळूहळू तिला घर्षणाची माया लागली. फळी सपाट असताना ते निजलेलं. फळी तिरकी होऊ लागली की जेवढी ओढ तेवढाच त्याचा विरोध, एका मुंगीइतकाही जास्त नाही. सोसेल तितकं मुकाट सोसायचं, सोसवेना की ठोकळा सुटला. "बाईमाणूसच की गं हे," ती म्हणाली, तर लेकीनं न हसता पुढचं उदाहरण घातलं.

घोडं अडलं ते एकाच जागी.

"आता दोन्हीकडच्या वस्तुमानावर काट मार," लेक म्हणाली. "घसरायच्या कोनाचा वजनाशी संबंध नाही."

"काट कशी मारू? जड पेटी सुसाट जाते, हलकं खोकं मध्येच बसकण मारतं. रोज बघते मी."

"जड पेट्या कशाच्या असतात?"

"रंधा मारलेल्या लाकडाच्या. तळाला लोखंडी पट्ट्या."

"आणि हलकी खोकी?"

"पुठ्ठ्याची. वर ते चिकट प्लास्टिक."

"मग? वजनामुळं नाही अडत ती, अंगावरच्या कपड्यामुळं अडतात."

थोरलीला पटेना. तेव्हा लेकीनं इस्त्रीची फळी आणली, एकसारखे दोन डबे घेतले, एकात गच्च मीठ भरलं, दुसरा रिकामा ठेवला आणि फळीचं टोक हळूहळू उचललं. दोन्ही डबे जोडीनं सुटले. थोरलीनं स्वतः फळी उचलून पाहिली, डब्यांच्या जागा बदलून पाहिल्या. डबे काही ऐकेनात, जोडीनंच उतरले.

"फितवलंस त्यांना," ती म्हणाली.

"पण खाली हात ठेवला असता तर?" थोरलीनंच मग वेगळ्या आवाजात विचारलं.

लेकीला कळलं. घसरणीवर एक रीत होती. जड पेटी सोडण्याआधी वरच्या बाईनं लांब सुरात हाळी द्यायची, "जड गं बाई जड, बाजूला सर." हाळी आली की खालच्यांनी हात काढून मागं व्हायचं. हलक्याला हाळी नाही. एकदा कुणीतरी हाळी न देताच पेटी सोडली, आणि जिला सगळ्या ताडमाड म्हणत तिच्या उजव्या हाताची बोटं त्या दिवसापासून मुठीत वळत नाहीत.

"आदळण्याचा जोर वेगळा," लेक म्हणाली. "तो जडाचा जास्तच. पण इथं आदळणं विचारत नाहीत, आई. सुटतं कधी, एवढंच विचारतात."

"एवढंच का विचारतात?"

लेकीनं पेन्सिल आईच्या हातात दिली. "काट मार," ती म्हणाली. थोरलीनं काट मारली. पुढं तर डोळे मिटूनही मारू लागली.

परीक्षा गोदामातच होती, डबे खायच्या खोलीत. भिंतीपलीकडं घसरण चालूच होती, काम कुणासाठी थांबतं. विजेचं पान थोरलीला आलं नाही, येणार नव्हतंच. तिनं ते शांतपणे उलटलं. पुढचं उदाहरण वाचून तिला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. एकाच लाकडाचे दोन ठोकळे, एक दुसऱ्याच्या तिप्पट जड. फळी हळूहळू उचलली तर आधी कोणता घसरेल? पुढचे सगळे उपप्रश्न यावरच उभे होते. तिनं लिहिलं, दोन्ही एकदम.

भिंतीपलीकडून हाळी आली. "जड गं बाई जड, बाजूला सर."

थोरलीचे हात आपोआप टेबलावरून उठले आणि छातीशी आले. पेन खाली पडलं. पलीकडं पेटी धाडकन उतरली, पत्रा घुमला, मग कुणीतरी हसलं. म्हणजे सगळ्या बाजूला झाल्या होत्या.

तिनं पेन उचललं. लिहिलेलं पुन्हा वाचलं. डबे आठवले, मीठ आठवलं, काट आठवली. सगळं येत होतं तिला. पण दोन्ही एकदम, हे शब्द घसरणीखाली कधी उभं न राहिलेल्या माणसाचे वाटले. जडाचं आणि हलक्याचं सारखंच, असं आपल्या हातानं लिहायचं, आणि पलीकडं ताडमाड डाव्या हातानं झाडू मारतेय. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. शेवटी तिनं ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं: जड आधी. सांगून सोडावा.

मग त्याच उत्तरावर तिनं पुढचे सगळे उपप्रश्न नेटकेपणानं सोडवले. रेघा सरळ काढल्या.

घरी आली तेव्हा लेक दारातच होती. "ठोकळ्यांचं आलं होतं?"

"आलं होतं."

"काय लिहिलंस?"

थोरलीनं सांगितलं, खोडलेलंही सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं. टोमणा आला नाही. ती आत गेली, पाण्याचा पेला घेऊन आली, आईच्या पुढ्यात ठेवला.

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली.

इतक्या मऊ आवाजात लेक तिच्याशी कधी बोललीच नव्हती. थोरलीला जे समजायचं ते त्या आवाजातच समजलं. ती पाणी प्यायली, तिनं पेला खाली ठेवला. ठेवतानाही आवाज होऊ दिला नाही.

मग लेकीनं दप्तर पायानंच खाटेखाली सरकवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"पट्ट्यावर नवीन मुली घेतात ना गं? वय किती लागतं?"

थोरलीला वय ठाऊक होतं. ते लेकीला कधीच भरलं होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"मुकादमांना विचारशील?"

थोरली खाटेखालच्या दप्तराकडं बघत राहिली. लेक उत्तराची वाट बघत होती.