पीच रंगाची भिंत

घर माणसाला घडवतं, असं म्हणतात. कोथरूडच्या सह्यकिरण सोसायटीतली माणसं मात्र घर कधी पाडतात याची वाट बघता बघता म्हातारी झाली होती. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, त्यामुळे नळ गळला तर खाली बादली ठेवायची आणि रंगाचा विषय काढायचा नाही. पाडायच्या भिंतीला रंग कोण देतो?

प्रेमला येरवड्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली होती. पोरांना रंगांची नावं सांगण्यात जन्म गेला. स्वतःच्या हॉलच्या भिंतीला आता कुठला रंग म्हणायचं, हे मात्र तिलाही सांगता आलं नसतं. तिनं पीच रंगाचं नाव काढलं की तात्याराव, म्हणजे तिचे यजमान आणि सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणायचे, "नव्या घरात बघू." या खेपेला मात्र पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "देऊन टाक."

तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं की माणूस विचार करायला लागतो.

रविराज पेंटरनं बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो पलंगावर उतरवून ठेवला, पुट्टी भरली, रोलर फिरवला. पहिला हात वाळत आला. प्रेमला स्टुलावर बसून बघत राहिली. एवढ्या संसारात या माणसानं 'कशाला?' असं न विचारता हो म्हटल्याचं तिला दुसरं काही आठवेना. भिंतीपेक्षा तिला त्याचंच अप्रूप जास्त वाटत होतं.

दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरचे दत्तप्रसाद आत आले आणि चप्पल काढायचंच विसरले.

"वहिनी, हे काय?"

"रंग."

"ते दिसतंय. पण सेक्रेटरीच्या घरात रंग, म्हणजे आम्ही काय समजायचं?"

त्यांच्या पाठोपाठ शेजारची रुपाली आली आणि कोपऱ्यात बसलेल्या तात्यारावांकडे वळली. "काका, खरं सांगा, बिल्डर पळाला का? नवीन फ्लॅट मिळणार म्हणून मी किचनच्या ट्रॉल्या करायच्या थांबलेय. तेव्हा आमचा तेजस बालवाडीत होता, आता क्लासला जातो."

तात्याराव चष्मा पुसत म्हणाले, "तसलं काही नाही. हिचा हट्ट. बायकोपुढं कुणाचं चाललंय?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"एवढी काय घाई होती, वहिनी? शिकलेल्या बाईनं असं करायचं?" दत्तप्रसाद म्हणाले.

"चुकलंच," प्रेमला म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

चहा पिऊन मंडळी निर्धास्तपणे गेली. कप विसळता विसळता तिनं विचारलं, "अहो, मी हट्ट कधी केला? तुम्हीच देऊन टाक म्हणालात."

"मीटिंगमध्ये सांगायला हवं एकदा," तात्याराव म्हणाले. "तोंड उघडत नाही माझं."

"काय सांगायला?"

"बिल्डर गणपतीतच नको म्हणाला. रस्ता अरुंद पडतो त्याला."