पाणीवाले बाबा आणि हलता कॅमेरा

बेसा भागातल्या एका सोसायटीच्या फाटकाबाहेर सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली.

"एक फुंकर, अन् शुगर गायब!" एक जण सांगत होता. "व्हिडिओत पाह्यलं न मी. बाई आनंदानं रडून राहिली होती!"

वरच्या मजल्यावर पडद्याआड विश्वनाथ घामाघूम झाला होता. तो बाबा नव्हता, नट होता. भोंदूंची टर उडवणाऱ्या एका विनोदी मालिकेत त्यानं पाणीवाले बाबा रंगवले होते. मालिका माहितीपटाच्या थाटाची: पात्रं कॅमेऱ्याकडे बघून मुलाखती देतात, मागे हशा वाजत नाही, सगळं खऱ्यासारखं. कुणीतरी नेमका फुंकरीचा तुकडा कापला, मालिकेचं नाव उडवलं आणि तो या फोनवरून त्या फोनवर फिरला. पाठोपाठ विश्वनाथचा पत्ताही.

'जलात विद्युत, विद्युतेत ब्रह्म, ब्रह्मात शून्य शुगर!' हे मालिकेतलं वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळे कलाकार पोट धरून हसले होते. आता खाली लोक तेच डोळे मिटून म्हणत होते.

तो खाली उतरला. "मी नट आहो हो! ते नाटक होतं!"

"बाबा परीक्षा पाहून राहिले," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी हात जोडले.

तेवढ्यात उमरेडहून आलेली रुख्मिणी पुढे सरकली. खांद्यावर तिची लहानगी मुलगी, भूमिका. पोरीचे ओठ सुकलेले, श्वास भात्यासारखा चाललेला.

"तुमचा व्हिडिओ पाहून हिचं इन्सुलिन बंद केलं जी. आता उलट्या करून राहिली. एक फुंकर मारा."

विश्वनाथ ओरडला, "आधी दवाखान्यात चला!"

"नाही जी. आधी फुंकर."

त्यानं मागे उभ्या असलेल्या बायकोला पुढे ओढलं. "हिले ओळखता का? व्हिडिओत बरी झालेली बाई हीच. माझी बायको, कामिनी."

"मले शुगर कधी नव्हतीच, ताई," कामिनी म्हणाली. तिनं मोबाइलवर मालिकेतून गाळलेलं चित्रण लावलं. विश्वनाथ फुंकर मारतो, दाढी निसटते, कामिनी खुदकन हसते आणि कुणीतरी ओरडतं, "परत घ्या!"

रुख्मिणी बघतच राहिली. "पण कॅमेरा हालून राहिला होता न? नाटकात असा हालते का?"

"मुद्दाम हलवला बाई. खरं वाटावं म्हणून," विश्वनाथ म्हणाला.

रुख्मिणीनं हातातली बाटली टाकून दिली. कामिनीनं पोरीला उचललं आणि गाडीत घातलं.

डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती. भूमिका रात्रभर अतिदक्षता विभागात होती. पहाटे तिनं डोळे उघडले.

सकाळी फाटकाशी पुन्हा बाटल्या होत्याच, थोड्या कमी. विश्वनाथ घसा फोडून सांगत होता, "पडद्यावर दिसलं म्हणून खरं मानू नका. कोणी काढलं, काहून काढलं, ते विचारा. अन् डॉक्टरले विचारल्याशिवाय औषध सोडू नका!"

एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बाबा, हे तरी खरं आहे का, का हेबी नाटकच?"

 कामिनीबरोबर दवाखान्यातून पोरीसाठी पांघरूण न्यायला आलेली रुख्मिणी पुढे झाली.

"खरं आहे गा," ती म्हणाली. "चाल माह्यासंगं दवाखान्यात. माही पोरगी दाखवतो तुले."

म्हाताऱ्यानं बाटली पिशवीत घातली आणि तो तिच्या मागे चालू लागला.