बोगोटाचं 'के मास', अकोल्याचं 'काहून'

प्रबोध कोथरूडचा, त्यामुळे शुद्ध भाषा म्हणजे काय हे त्याला जन्मतःच ठाऊक. कंपनीने त्याला लॅटिन अमेरिकेतले क्लायंट दिले आणि सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्पॅनिश राहायला आलं.

रोज जेवताना तो आम्हा अडाण्यांना शिकवायचा. "स्पेनमध्ये 'के ताल' म्हणजे कसं काय. मेक्सिकोत 'के ओंदा'. बोगोटात 'के मास'. क्युबात बसला ग्वाग्वा म्हणतात, आणि चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. केवढी श्रीमंती आहे बघ."

मी अकोल्याची. लग्नानंतर सहा महिन्यांत माझं 'काहून' सुटलं. सुटलं म्हणजे प्रबोधने प्रेमाने सोडवलं. ओरडला कधीच नाही. दर वेळी हसून फक्त "का" म्हणायचा.

चार वर्षांच्या क्षिप्राने हे उचललं नसतं तरच नवल. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने तिला विचारलं, "जेवली काहून नाही वं?"

"आजी, राँग लाह. 'का' म्हणायचं." बालवाडीतल्या सिंगापुरी इंग्रजीत क्षिप्राने दुरुस्त केलं.

आई हसली. प्रबोधही हसला, आणि फोन ठेवल्यावर म्हणाला, "शनिवारी महिन्याभरासाठी येतायत ना त्या? आधीच सांगून ठेव, क्षिप्राशी जरा नीट बोला म्हणून. पोरीचा गोंधळ होतो."

"तीन देशांच्या 'कसं काय'ने नाही होत?"

"अगं, ते प्रादेशिक आहे."

आठवडाभर मी आईला सांगायचं टाळत राहिले. शुक्रवारी तिचाच फोन आला. आम्ही जेवायला बसलो होतो, मी तो स्पीकरवर टाकला.

"नमस्कार. आपण सर्वजण कसे आहात? क्षिप्राबाळ काय करत आहे?"

कागदावरून वाचल्यासारखा आवाज. मागून माझे बाबा हळूच "छान" म्हणाले, तेही ऐकू आलं.

क्षिप्रा माझ्या मांडीवर होती, प्रबोध समोर. मी घास खाली ठेवला.

"माय, तू अशी काहून बोलून राहिली वं?"

क्षिप्रा मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. माझा हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. तिने माझ्या ओठांना बोट लावून पाहिलं.

मग आई कुजबुजली, "जावई घरीच हायेत काय?"

"हायेत. समोर बसून आयकून राहिले."