कोपऱ्यातली शेपटी

मी एक जुनी बाही आहे. सदऱ्याची नव्हे मित्रांनो, कुत्र्याने चावण्याची! हसू नका. राखणीच्या कुत्र्यांचा एक खेळ असतो. त्यात कुत्रा धावत येतो, चोर झालेल्या माणसाच्या हातावर झडप घालतो आणि हुकूम मिळताच सोडून देतो. त्या माणसाचा हात शाबूत राहतो तो माझ्यामुळे. मैदानावर मला 'स्लीव्ह' म्हणतात, पण मूळची मी तुरीच्या पोत्याची. तेव्हा तुम्ही आपलं बाहीच म्हणा.

माझा जन्म बीदर जिल्ह्यातल्या कमठाण्यात, भीमराजअण्णांच्या अंगणात झाला. अण्णा पूर्वी लष्कराच्या श्वानपथकात होते. आता ते जवळच्याच कोळार गावातल्या एका गोदामावर राखणदार आहेत आणि रविवारी गावाबाहेरच्या माळावर लोकांची कुत्री शिकवतात. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पोतं कापलं, आत जाड पाइपाचा तुकडा आणि जुन्या गादीचा कापूस घातला आणि दाभणाने मला शिवलं. पहिल्यांदा अण्णांनी मला हातात घातलं तेव्हा ते म्हणाले, "झकास झालीय!" त्या एका शब्दावर मी सहा वर्षं चावे खाल्ले.

माळावर पुष्कळ कुत्री आली आणि गेली. मी कुणाचाच राग धरला नाही. पण सुलतान आला आणि माझं सुख गेलं. राजेश्वर गावच्या तानाजीरावांचा हा बेल्जियन कुत्रा, तांबूस अंगाचा आणि काळ्या तोंडाचा. देखणा आहे, हे मी नाइलाजाने सांगते.

अण्णांनी त्याला सोडायचा हुकूम कानडीत शिकवला, 'बिड!' म्हणजे सोड. मराठीतला 'सोड' बोलण्यात दर घडीला येतो, "सोड की आता", "सोड त्याचा नाद". कुत्र्याने दर वेळी सोडलं तर खेळ कसा व्हायचा? म्हणून 'बिड'. सुलतान तो शब्द आठवड्यात शिकला. चांगला चावला की बक्षीस म्हणून अण्णा मला हातातून सोडून देत. मग तो छाती काढून मला मैदानभर मिरवायचा. टाळ्या त्याला, आणि मी त्याच्या लाळेत भिजलेली!

एवढंही मी सोसलं असतं. पण अण्णांची मुलगी मैत्रेयी कॅमेरा घेऊन येऊ लागली. बीदरला ती लग्नाचे फोटो काढते, रविवारी कुत्र्यांचे. मातीत पालथी पडून ती सुलतानचा डोळा टिपायची, दात टिपायची, हवेत उडालेली लाळसुद्धा टिपायची. मी त्या प्रत्येक फोटोत आहे, पण धुरकट. आणि अण्णा? मानेपासून वर कापलेले! मैत्रेयी सारखी ओरडायची, "अप्पा, बाजूला व्हा. तुमी मधी यायलाव!"

मला पोट नाही, तरी पोटात दुखायचं.

एके दिवशी पार्वतीबाई अण्णांच्या खांद्याला तेल चोळत होत्या. धावत्या कुत्र्यांचे हिसके खाऊन तो खांदा पार गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता हे काम बंद. कलबुर्गीची स्पर्धा तेवढी शेवटची. चोळता चोळता पार्वतीबाई लेकीला म्हणाल्या, "कुत्र्याचे हजार फोटो हायत. तुज्या अप्पाचा एक बी न्हाई. कामून गं?"

"आई, बाही घालणाऱ्याला कोण बघतंय? कुत्र्याचा डोळा दिसाया पायजे."

"बरोबर बोलायलीय ती," अण्णा म्हणाले. मग त्यांनी खुंटीवरून मला उतरवलं आणि माझं एक ठिगळ उगीचच दाबून पाहिलं. ते ठिगळ घट्टच होतं. त्या दिवसापासून माझी एकच इच्छा होती. अण्णांचा एक तरी फोटो निघावा, तोंडासकट, आणि तोही मी त्यांच्या हातात असताना. त्यासाठी एकच रविवार उरला होता.

कलबुर्गीच्या मैदानावर मोठा मांडव होता आणि भोंगा होता. आमच्या माळावर भोंगा नसतो. शिवाय कमठाण्यात राहून कुणी उठसूट 'बीदर, बीदर' करत नाही. इथे मात्र प्रत्येक कुत्रा जिल्ह्याच्या नावाने पुकारला जात होता. पुकारणारे होते रेवणसिद्ध, मोठ्या आवाजाचे गृहस्थ.

तानाजीरावांनी सुलतानला सोडलं. तो आला, उडाला आणि त्याने मला जबड्यात घट्ट पकडलं. अण्णांच्या खांद्यातून कळ गेलेली मला आतून कळली. समोर मैत्रेयी मातीत पालथी होतीच. पुन्हा तोच डोळा, तेच दात. आमचा शेवटचा दिवसही सुलतानच नेणार, असं वाटून मी अगदी जळून गेले.

तेवढ्यात रेवणसिद्ध जोशात ओरडले, "बघा, बघा, बीद—" आणि भोंगा तिथेच खर्र करून बंद पडला.

सुलतानने मला पटकन सोडलं. दोन पावलं मागे सरून तो शिकवल्याप्रमाणे ताठ बसला.

"आरं, कुणी सोड म्हणलं तुला!" तानाजीरावांनी कपाळावर हात मारला. हुकमाआधी सोडलं म्हणून गुण गेले आणि कपही गेला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

अण्णांचा हात अजून वरच होता, त्यात मी. क्षणभर त्यांना काही कळेना. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "'बीद'चं 'बिड' ऐकलं गा त्यानं! भोंग्याचा हुकूम मानला!" असं म्हणून ते मान मागे टाकून हसू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

कुत्रा आता कॅमेऱ्यासमोर नव्हता. मैत्रेयीने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला आणि ती वडिलांकडे नुसतीच बघत राहिली. मग कॅमेरा पुन्हा वर गेला.

"अप्पा," ती म्हणाली, "हालू नका. तसंच थांबा."

तो फोटो आता आमच्या घरात लावला आहे. खाली खुंटीवर मी असते, मला दुसरं काम नाही. फोटोत अण्णा हसतायत, मी त्यांच्या हातात आहे आणि माझा टाकान् टाका स्पष्ट दिसतो. फक्त डाव्या कोपऱ्यात एक तांबूस शेपटी आली आहे. मैत्रेयी ती कापणार होती. मी मनातल्या मनात म्हटलं, काप, काप लवकर!

पण अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळा. त्यानं सोडलं म्हून तर मी दिसलो."

मित्रांनो, कुत्र्यांचे फोटो जरूर काढा. पण "बाजूला व्हा" म्हणण्याआधी, ज्याला बाजूला करता आहात त्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघा. त्याचा खांदा दुखत असेल. आणि कुणी कमठाण्याला आलात तर आमचा फोटो पाहून जा. शेपटीचं कौतुक मात्र माझ्यासमोर करू नका.