मेंदीच्या कुंपणातली राखण

माझी माय कमल पौषात गेली. वैशाखात तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, म्हणून मी धुळ्याहून पारोळ्याजवळच्या माहेरी आले. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाची घागर भरतात, आणि आमच्या घरात तरी कावळा घास शिवेपर्यंत कुणी तोंडात पाणी घेत नाही.

उजाडताच परसात गेले, तर नाना, माझे वडील, मागच्या दारात बसलेले. मांडीवर गोफण. समोर मेंदीच्या कुंपणात बुलबुलाचं घरटं. माय दर उन्हाळ्यात त्याची राखण करायची. जाताना नानांना सांगून गेली, औंदा तुम्ही करा.

"गुपचूप बस," नाना मला म्हणाले. "आत्तेच मुंगूस वना व्हता. आते सातभाया येतीन."

ती पाखरं आलीच. लग्नघरातल्या बायकांसारखा कलकलाट करत त्यांनी सगळा पाचोळा उलथापालथा केला. भिंतीवर सरडा माना डोलवत बसला होता, जास्वंदीवर शिंजीर पक्षी लोंबकळत होता. नाना एकेकाकडे हळूच बोट दाखवत होते. जन्मभर पाखरू म्हणजे बाजरीचा चोर एवढंच या माणसाला ठाऊक. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. माय खाटेवर होती तेव्हा हे तिच्याशेजारी इतका वेळ कधी बसले नाहीत.

घागर पुजून झाली. नानांची थोरली बहीण भिकुबाई, आमची फुई, सांजोरी आणि आमरसाचा घास परसाच्या भिंतीवर ठेवून आली. ऊन चढलं. कावळे समोरच्या निंबावरच बसून होते. एकही खाली उतरेना.

"कसा येई तो?" फुई कडाडली. "चईतपाईन गोफण मारी ऱ्हायना तू त्यासले! कमल उपाशी जाई तुनामुळे."

खरंच होतं ते, घरट्यापायी नाना चैत्रापासून कावळ्यांना हाकलत होते. कावळा माणूस ओळखतो, आणि नानांना तर गावातला कावळा न् कावळा ओळखत होता. नानांचा चेहरा उतरला. घास शिवला नाही की गेलेल्याची इच्छा राहिली असं समजतात, आणि मग ती पुरी करायचं वचन देतात. नानांनी हात जोडले.

"कमल, तू सांगेल बठ्ठं करसु. ये."

आणि ते गोफण घेऊन दाराआड झाले. माणूस दिसेनासा झाला तसा एक कावळा भिंतीवर उतरला. दबकत दबकत घासापाशी आला. फुईच्या डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात मेंदीतून एक पिल्लू खाली पडलं. पहिलंच उडणं त्याचं, पंख फडफडवत मातीत लोळायला लागलं. बुलबुलांनी आकांत मांडला. कावळ्याने घास सोडला, मान वाकडी केली आणि पिल्लाकडे टक लावली.

नाना दारात आले. फुईने त्यांचं मनगट धरलं. "अभिमन, नको. ती कमल शे."

नानांनी एकदा पिल्लाकडे पाहिलं.

"कमल ऱ्हाती, तर त्या पिल्लाकडे अशी दखती बी नही," ते म्हणाले आणि हात सोडवून त्यांनी गोफण फिरवली.

कावळा गेला. निंबावरचेही सगळे उडाले. नानांनी पिल्लू ओंजळीत उचलून मेंदीत ठेवलं. फुई कपाळावर हात मारून रडत आत गेली. घासाला मुंग्या लागल्या. पोरांना तेवढं जेवायला वाढलं, आम्ही मोठी माणसं तशीच बसून राहिलो. माझा राग कुठे गेला कोण जाणे, मी नानांच्या शेजारी जाऊन बसले.

उन्हं कलली तेव्हा ते पिल्लू मेंदीच्या शेंड्यावर आलं, अडखळलं, आणि एका दमात निंबाच्या फांदीवर जाऊन बसलं. नाना उठले. आत जाऊन गोफण त्यांनी चुलीत घातली. ताजा घास घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर ठेवला.

"कमल," ते निंबाकडे बघून म्हणाले, "तुनं काम झायं. आते ये, जेवी ले."