पाचवी जाळी

सारूलने गोल घराच्या भिंतीची चौथी लाकडी जाळी तिसरीला दोरीने बांधली, गाठ ओढून पाहिली आणि पाचवी आणायला ट्रककडे गेली. हौद्यात घरावर लपेटायच्या लोकरी नमद्याच्या गुंडाळ्या होत्या, छताचे वासे होते, चुलीचं धुराडं होतं. जाळी नव्हती. तिने ताडपत्री उचलून खालीही पाहिलं.

“बाबा, पाचवी कुठंय?”

चोइजिल दाराची चौकट दक्षिणेकडे तोंड करून धरून उभा होता. त्याने मान वळवली नाही.

“हिवाळ्याच्या तळावर राहिली. ट्रकमध्ये मावली नाही.”

निघतानाही हौदा निम्मा रिकामा होता. सारूल त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, मग तिने ताडपत्री होती तशी टाकली. राहिलेली जाळी पूर्वेची, स्वयंपाकाच्या बाजूची होती. आई तिच्या कामट्यांना पळ्या आणि दुधाचं गाळणं अडकवायची. थंडीच्या शेवटी आई गेली, तेव्हापासून सगळी भांडी पेटीतच होती.

त्यांनी चौथ्या जाळीचं टोक चौकटीला आणून बांधलं. वर्तुळ लहान झालं.

दुलमा शेजारच्या तळावरून किटली आणि दह्याच्या वाळलेल्या वड्यांची पिशवी घेऊन आली. नवा तळ टाकणाऱ्यांना पहिला चहा शेजाऱ्यांनी द्यायचा असतो. तिने आधी तिघांचे वाडगे भरले आणि मग घराकडे पाहिलं.

“काय रे चोइजिल, घर धुतलंस आणि आटलं की काय?”

“चार पुरतात.”

“पुरतील बाबा. माणसं दोन आणि दोघंही काटकुळी.”

छत चढवायला तीन माणसं होती म्हणून काम भराभर झालं. चोइजिलने वर्तुळाच्या मध्यभागी उभं राहून छताच्या झरोक्याचं लाकडी चक्र दोन खांबांवर उचलून धरलं. सारूल आणि दुलमा समोरासमोरून एकेक वासा चक्राच्या भोकात खुपसून त्याचं दुसरं टोक जाळीवर बांधत गेल्या. वासे पाच जाळ्यांच्या मापाचे होते. छत नेहमीपेक्षा उभट झालं, चक्र उंच गेलं. चक्राची काही भोकं रिकामी राहिली आणि उरलेले वासे गवतावर पडून राहिले.

“पाच जाळ्यांचं घर एकट्याच्यानं व्हायचं नाही,” दुलमा धापा टाकत म्हणाली. “नाहीतर मी नवरा कशाला केला असता?”

चोइजिल हसला नाही. सारूलही हसली नाही. दुलमाने स्वतःच थोडं हसून घेतलं.

नमदा गुंडाळताना ती सारूलजवळ सरकली. “जनावरांच्या डॉक्टरकीचं काय झालं गं? शहरातल्या कॉलेजवाल्यांनी तुझी जागा राखून ठेवलीय म्हणे.”

“या महिन्यापुरती. नाही म्हणून कळवणार आहे.”

“बापाला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? वर्षातून चार वेळा तळ हलतो. बाबांनी चक्र धरल्यावर वासे कोण लावणार?”

दुलमाने काही बोलायला तोंड उघडलं, पण त्यात दह्याची वडी टाकली. नमद्याच्या पलीकडे चोइजिल दोरी आवळत होता. त्याचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

पुढचे दिवस एकसारखे गेले. सारूल उठायची, शेणी पेटवायची, चहा करायची. एकदा चहात नेहमीचं मीठ दोनदा पडलं. चोइजिलने वाडगा संपवला, तिनेही संपवला. चहा जास्तच खारट झाला होता हे तिच्या लक्षात आलं ते भांडं घासताना.

एका दुपारी तो म्हणाला, “नमद्याला कुबट वास येतोय. तू धार काढायला गेलीस की उतरवून वाळवतो.”

“बरं.”

चक्रातून येणारा उन्हाचा गोल सकाळी पश्चिमेच्या जाळीवर असायचा आणि दिवस कलला की पूर्वेकडे चढायचा. तो पळ्या टांगायच्या उंचीला पोचला की आई बादली उचलायची. आज गोल तिथे पोचला तशी सारूलही पहिल्यांदाच त्याच्या भरवशावर उठली आणि बादली घेऊन टेकाडापलीकडच्या ओढ्याकडे गेली.

वासरं खुंट्याला बांधलेली होती. गाई कुठेच नव्हत्या. तिने वाट पाहिली. तिची सावली अजून आखूड होती. मग तिला उमगलं की छत उंच आणि भिंत जवळ आल्यावर ऊन भिंतीवर लवकर चढणारच. घर तिला वेळ चुकीची सांगत होतं.

ती रिकामी बादली घेऊन परत टेकाडावर आली आणि थांबली.

खाली नुसत्या चार जाळ्या उभ्या होत्या. नमदा गवतावर पसरला होता, पण वासेही खाली होते आणि चक्रही. चोइजिलने चक्र दोन्ही खांबांना बांधून टाकलं होतं. चक्रापासून तीन दोऱ्या बाहेरच्या मेखांपर्यंत गेल्या होत्या. त्याने खांब उभे केले. चक्र एका बाजूला झुकलं. त्याने खांद्याने सावरलं, सावरेना, तेव्हा हळूच खाली ठेवलं. एक दोरी आखूड केली. पुन्हा उचललं.

सारूलने बादली खाली ठेवली. तिचा एक पाय उताराकडे पडला होता. तो तिने मागे घेतला.

या खेपेला दोऱ्या ताणल्या आणि चक्र त्यांच्यावर तोललं. चोइजिलने दोन्ही हात सोडले, पण चक्राच्या खालीच हात उंचावून थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने पहिला वासा घेतला. तो बसल्यावर समोर जाऊन दुसरा.

तिसरा वासा जाळीवर टेकला तेव्हा ती बादली उचलून ओढ्याकडे वळली.

दूध घेऊन ती परतली तेव्हा घर नमद्यासकट उभं होतं. धुराडं किंचित वाकडं होतं. आत चूल पेटली होती आणि किटली उकळत होती. चोइजिलच्या तळहाताचं दोरीने सालटं निघालं होतं, तो हात त्याने गुडघ्याखाली घेतला.

“वाळला का नमदा?”

“वाळला.”

तिच्या पलंगाच्या वरचा एक वासा चक्राच्या शेजारच्या भोकात गेला होता, त्यामुळे तिरका बसला होता. तिने तो काढायला हात वर नेला. वाशाला बोटं लागली. मग तिने हात खाली घेतला आणि पलंगावर बसली.

“बाबा, दुलमाकाकूंचा ट्रक लोकर घेऊन शहराला कधी जातो?”

“परवा,” चोइजिल म्हणाला. “मी विचारून ठेवलंय.”

त्याने वाडगा भरून तिच्या हातात दिला आणि स्वतःचा भरला. चहात मीठ घालायचं राहिलं होतं. दोघांनी तो तसाच प्यायला.