पाचव्या दिवसाचं पाणी

"चावी द्या," चन्नप्पा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. सकाळचे सहा वाजत होते आणि आमचे हे नुकतेच चपला पायात घालत होते. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. चार फुटी लोखंडी दांडा, त्याला वर आडवी मूठ. रस्त्यातल्या खड्ड्यातल्या व्हॉल्व्हला ती लावून फिरवली की आमच्या भागाला पाणी सुटतं. एकतीस वर्षं ती ह्यांच्या खांद्यावर आहे. माझ्यापेक्षा तिलाच जास्त सांभाळलंय, असं मी कितीदा बोलूनही दाखवलंय.

ह्यांनी चावी दिली. मला मात्र राहवलं नाही. "बसा की, चहा तरी घ्या, काल-परवापर्यंत घेत होता," मी म्हटलं. चन्नप्पांनी मान खाली घातली. आमच्याच आळीतले, एसटीत कंट्रोलर होते ते, अजून गळ्यात शिट्टी असते.

आता हे काय प्रकरण ते सांगते. आमचा भाग उताराचा. वरच्या आळीत आम्ही लिंगायत आणि मराठे, खालच्या आळीत मुसलमान आणि विणकर पद्मशाली. पाणी पाचव्या दिवशी, सगळ्या सोलापूरसारखंच. वर दाब कमी, खाली जास्त. म्हणून आमचे हे दोन्ही व्हॉल्व्ह सहाला सोडायचे, खालचा तासाभराने बंद करायचे आणि वरचा दीड तासाने. इतकं साधं. पण महापालिकेची निवडणूक लागली आणि सगळ्यांना एकदम अक्कल फुटली. खालच्या आळीच्या मोबाईलवर आलं, चावीवाला जातभाईंना अर्धा तास जास्त देतो. वरच्या आळीच्या मोबाईलवर आलं, खाली टाक्या ओसंडतात आणि आपल्यातलाच माणूस घरभेदी निघाला. दोन आळ्यांचे दोन उमेदवार, दोन तक्रारअर्ज, आणि दोन्ही अर्जांत चोर एकच. गुरप्पा चावीवाला, आमचे हे.

तीन महिन्यांवर निवृत्ती. गुरुवारी पाणीपुरवठ्याच्या साहेबांसमोर सुनावणी होती, दोष ठरला तर शेवटचे तीन महिने कुठल्यातरी गोदामात. मी म्हटलं, बरं होईल, सावलीत बसाल. तर ताटावरून उठले.

"बदलीचं काय न्हाय गं," म्हणाले. "पन लबाड म्हनून जायाचं व्हय, एवढं करून?"

वळसंगहून आलेला हा माणूस, दुसऱ्याच्या वाटीतला शेंगदाणा उचलायचा नाही. माझा जीव तुटला.

साहेबांनी काढलेली तोड अशी, की सुनावणीआधीच्या पाण्याला दोन्ही आळ्यांनी आपापला माणूस नेमायचा, त्यांनीच चावी फिरवायची, आणि ह्यांनी हात न लावता नुसतं उभं राहायचं. वरच्या आळीने चन्नप्पांना नेमलं. खालच्या आळीने रजियाबीला. रजियाबी शाळेचे गणवेश शिवते, आणि सुई चालते तशीच तिची जीभ.

मीही मागोमाग गेले. आधी दोघांनी खालचा व्हॉल्व्ह उघडला. तो नवा, सुरळीत फिरला. मग वरचा. तो जुना, इंग्रजाच्या काळातला म्हणतात, आणि उलटा. जगातले सगळे व्हॉल्व्ह डावीकडे फिरवून उघडतात, हा उजवीकडे. पाणी नसतानाही हे त्याला चार फेरे सैल ठेवतात, म्हणजे आवळून बसत नाही. हे सगळं ह्यांनी नीट सांगितलं. चन्नप्पांनी रजियाबीकडे बघितलं, रजियाबीने चन्नप्पांकडे. वर्षभरात दोन आळ्यांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं, ते ह्यावर, की हा माणूस आपल्याला गंडवतोय.

"सगळ्याच्या चाव्या डावीकडं फिरत्यात जी," रजियाबी म्हणाली. "तुमचीच तेवढी उलटी कशी?"

चन्नप्पांनी डावीकडे जोर लावला. चार फेरे फिरली, मग घट्ट. त्यांनी झोकात शिट्टी वाजवली. ह्यांनी तोंड उघडलं, पण हात लावायची बंदी, बोललं तर पटत नाही.

साडेसहापर्यंत वरच्या आळीच्या नळांनी नुसता वारा सोडला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, खाली धो धो चाललंय. मग काय, आमची गोजरबाई पुढे आणि सगळी आळी मागे, निघाल्या भांडायला. पण दिवस पाचवा. रिकाम्या हाताने कोण जाणार? प्रत्येकीच्या कमरेला घागर, नाहीतर हातात कॅन. मी सगळ्यांच्या मागे, लाजेने.

खालच्या कोपऱ्यावर सार्वजनिक नळ आहे. गोजरबाईने तिथे पोचताच रजियाबीच्या जावेचा, शकिलाचा, सात पिढ्यांपासून उद्धार सुरू केला, आणि बोलता बोलता सवयीने घागर नळाखाली सरकवली. शकिलाने तेवढ्याच जोराने परतफेड केली, आणि बोलता बोलता घागर भरल्यावर बाजूला ओढून आपली लावली. भांडण तोंडाने चाललं होतं, हात आपले काम करत होते. तासाभराचं पाणी. भांडायला मधले चार दिवस मोकळेच असतात.

तीन-चार भांडी झाल्यावर गोजरबाई एकदम थांबली. नळाकडे बघत राहिली.

"अगं, ही घागर भरली कवा?" ती म्हणाली. "आमच्यात एक भरस्तवर दोन भाकऱ्या भाजून व्हत्यात."

शकिलाला वाटलं टोमणा आहे. तिने माझ्याकडे बघितलं, मी अंगणवाडीची बाई, माझ्यावर तिचा थोडा विश्वास. मी म्हटलं, दोन नाही, अडीच. मग ती पण नळाकडे बघत राहिली. बायकांना गणित सांगावं लागत नाही. दीड तास आणि एक तास ह्यांचा हिशेब तिथल्या तिथे, ओल्या पायांनी, सगळ्यांना कळला.

तेवढ्यात हे उतरून आले, मागे रजियाबी, आणि तिच्या मागे चन्नप्पा. चन्नप्पांचा चेहरा पडला होता. सगळ्यांसमोर म्हणाले, "मीच आवळून बंद केला. ह्यांनी सांगितलं होतं. मी खोटं धरलं." महिनाभर मी ह्या माणसाला मनात शिव्या देत होते, पण एवढ्या बायकांत असं बोलायला छाती लागते. बायका खो खो हसल्या. रजियाबी सगळ्यांत जास्त हसली, आणि मग पदरात तोंड लपवलं, कारण खोटं धरण्यात ती पण होतीच.

"आता लावू का हात?" ह्यांनी विचारलं.

रजियाबीने चन्नप्पांच्या हातातून चावी काढून ह्यांच्या खांद्यावर ठेवली. हे रांगेच्या कडेकडेने, भांडी बघत बघत, वर निघून गेले आणि दहा मिनिटांत आमच्या आळीला पाणी आलं. पण रांग कुणी सोडली नाही. लावलेला नंबर कोण सोडतं?

त्या रांगेतच रजियाबीने गणवेशाच्या मापाचा एक कागद आणला आणि चन्नप्पांना मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसवलं. त्यांनी 'सदर कर्मचारी' असं सुरू केलं तर तिने खोडायला लावलं. म्हणाली, माणसाला नाव हाय ना, नाव लिवा. मग जिचा नंबर येईल तिने घागर लावायची आणि ती भरेपर्यंत सही करायची, असं चाललं.

ह्याने आळ्या एक झाल्या असं कुणी समजू नका. मतं ज्याची त्यालाच पडली, आणि मोबाईलवरची भांडणं अजून चालूच आहेत, विषय तेवढा बदललाय.

गुरुवारी साहेबांनी दोन्ही अर्ज निकाली काढले आणि त्या कागदाची झेरॉक्स ह्यांना दिली. घरी आल्या आल्या माझ्यापुढे धरली. "वाच."

मी मजकूर वाचला. श्री. गुरप्पा ह्यांच्याविषयी आमची कोणतीही तक्रार नाही, वगैरे. ह्यांनी तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, खाली सह्या कुणाच्या.

"गोजरबाई," मी वाचलं. "शकिला."

"थांब, मी सांगतो." त्यांनी डोळे मिटले. "मग पितळी घागर, महेश्वरी. निळा कॅन, नरसम्मा. झाकनाची बादली, पिंकी. मग रजियाबीच्या दोन घागरी."

मी कागदावर बोट फिरवत होते. वरची आळी, खालची आळी, पुन्हा वरची, जशी रांग होती तशीच. एकही चुकलं नाही. सव्वीस नावं त्यांनी सांगितली, भांड्यासकट. सत्ताविसाव्याला थांबले.

"शेवटी पोचा पडलेली स्टीलची घागर," म्हणाले, आणि डोळे न उघडताच हसले. "दाक्षायणी."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. 'ऐकलं का' आणि 'अगं' ह्यावर संसार झाला. माझं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कागद भिजू नये म्हणून मी तो घाईघाईने घडी करून फळीवर ठेवला.